मोबाइलातली सावड

१८ ऑगस्ट

नियम लिहून काढल्याशिवाय मी कोणताही खेळ खेळत नाही. फरोलँड या मोबाइलवरच्या शेतीच्या खेळाच्या निर्मात्यांनी आपले नियम सात निरनिराळ्या पानांवर विखुरले आहेत आणि त्यांतील दोन परस्परविरोधी आहेत. म्हणून येथे एकदाच नीट मांडते.

प्रत्येक खेळाडूस चौसष्ट चौकटींचे एक शेत मिळते. रोज ठरावीक श्रम मिळतात; ते पेरणी, पाणी, खुरपणी, काढणी यांवर खर्च करायचे. आजचे श्रम उद्यासाठी उरत नाहीत. ते स्वतःच्या शेतात वापरता येतात, तसे दुसऱ्याच्याही. हंगामाअखेर ज्याचे उत्पन्न किमान मर्यादेच्या खाली राहील, त्याचे शेत ‘पडीक’ ठरून परत जाते. केलेली प्रत्येक कृती ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या असंख्य संगणकांवर एकाच वेळी, नोंदली जाते आणि ती कोणालाही खोडता येत नाही. खेळाच्या मालकांनाही नाही.

या शेवटच्या नियमामुळेच मी हा खेळ निवडला. पुण्यात बावीस वर्षे संक्रियाविज्ञान, म्हणजे ऑपरेशन्स रिसर्च, शिकवल्यानंतर माझ्या मूल्यमापनात ‘सहकार्यवृत्ती’ या शीर्षकाखाली दहापैकी तीन गुण देण्यात आले. कोणत्या मोजपट्टीने, असे मी लेखी विचारले. उत्तर आले नाही. मी राजीनामा दिला आणि घाटनांदूरला धाकट्या भावाच्या, राधाकिशनच्या, घरी माडीवरच्या खोलीत राहते आहे. फरोलँडमध्ये सहकार्यवृत्तीचा रकाना नाही.

उद्दिष्ट: हंगामाअखेर पहिल्या दहा संघांच्या प्रमुखांना नियम-परिषदेत जागा मिळते. पुढील हंगामाचे नियम ती परिषद ठरवते. सध्याचे नियम सदोष आहेत. ते कोणीतरी दुरुस्त केले पाहिजेत, आणि ते काम माझे आहे.

२४ ऑगस्ट

तिसरा संघ सोडला. एकट्या खेळाडूस अंतिम क्रमवारीत स्थान नाही. प्रमुखाखेरीज किमान सात जण हवेत. या संघाचा प्रमुख ब्राझिलियन होता आणि मका कापण्याच्या आदल्या दिवशी त्याच चौकटींना पाणी देत असे. हे कसे अपव्ययी आहे, ते मी चार परिच्छेदांत समजावले. त्याने एक हसरा चेहरा पाठवला.

बबिता, माझी भावजय, चहा घेऊन आली तेव्हा मी बहुधा मोठ्याने काही बोलले असावे. तिने पडद्याकडे पाहिले.

“काय पेरलंय ह्याच्यात?”

“मका.”

“लई दाट हाय.”

हे केवळ चित्र आहे, असे मी सांगितले. ती तरीही बघत राहिली. संघाची अडचण मी का सांगितली, ते आता आठवत नाही. ती म्हणाली, “सातच जणी पायजेत व्हय? आमची सावडीची टोळी सात जणींचीच हाय की.”

सावड म्हणजे आळीपाळीने एकमेकींच्या शेतात बिनमजुरीने राबणे. ग्रामीण समाजशास्त्राच्या कुठल्याशा पाठ्यपुस्तकात त्यावर अर्धे पान होते. विषय मला परिचित आहे.

२ सप्टेंबर

दुपारच्या जेवणानंतर खालच्या ओसरीवर पहिली शिकवणी. सातही जणी आपापले मोबाइल घेऊन आल्या. बबिता सोडल्यास लक्षात राहिल्या त्या दोघी: शेजारच्या भामाबाई, पन्नाशी ओलांडलेल्या, जिभेला लगाम नसलेल्या; आणि केसरबाई, ज्यांचे कुटुंब दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते आणि ज्या सहसा बोलत नाहीत.

शेतास नाव देणे बंधनकारक आहे. माझ्या शेताचे नाव ‘इष्टतम’. भामाबाईंनी बराच वेळ विचार करून ‘माझं’ असे टंकले.

यानंतर एक विलक्षण प्रकार घडला. सातही जणींनी, परस्परांना न विचारता, शेताच्या चारही कडांच्या चौकटी रिकाम्या सोडल्या. चौसष्टांपैकी अठ्ठावीस चौकटी वाया.

“ही कसली मोकळी जागा?”

“बांध,” भामाबाई म्हणाल्या.

“येथे बांधाची आवश्यकता नाही. ही मालकी ब्लॉकचेनवर आहे. एकदा लिहिले की कोणालाही पुसता येत नाही. शेजाऱ्याला तुमची एक चौकटदेखील घेता येणार नाही.”

“सातबाऱ्यावर बी माझंच नाव लिव्हलंय की. दीर दर साली नांगर हातभर आत घालतोय.”

सगळ्या हसल्या. बबिता तर पदर तोंडाशी धरून हसली. शेवटी एकाच कडेवर तडजोड झाली. एक कड मोकळी ठेवल्याशिवाय त्यांना ‘रान रानासारखं दिसंना’.

पेरणी मात्र झालीच नाही. आज पोळा, म्हणजे अमावास्या, आणि अमावास्येला त्या रानात काम करत नाहीत.

“हे रान नाही, मोबाइल आहे,” मी म्हटले.

केसरबाई पहिल्यांदाच बोलल्या. “पेरलं तर उगवतंय न्हवं त्यात?”

“उगवते.”

“मग?”

हा प्रश्न मी गृहीत धरला नव्हता. पूर्वतयारीतील उणीव म्हणून नोंदवते.

११ सप्टेंबर

नोंदी तपासताना आढळले की सातही जणी आपले सर्व श्रम एका दिवशी एकीच्याच शेतात खर्च करतात आणि दुसऱ्या दिवशी दुसरीच्या. मी रागावण्याच्या बेतात होते. तेवढ्यात एक दुर्लक्षित नियम आठवला. एका शेतात एकाच दिवशी पाच किंवा अधिक जणांनी काम केल्यास फळ एक-तृतीयांशाने वाढते. हा नियम त्यांना ठाऊक नाही. त्या फक्त सावड करत आहेत.

मी पद्धतीस मान्यता दिली आणि पाळ्यांचे वेळापत्रक आखले. त्यात मीही आहे. दर आठव्या दिवशी सर्व जणी ‘इष्टतम’मध्ये येतात; अन्य दिवशी मी त्यांच्याकडे. व्यवस्था निर्दोष आहे. अर्थात ती योगायोगाने निर्दोष आहे.

संघ पहिल्या पन्नासात आला.

त्या आता मला मॅडम न म्हणता आक्का म्हणतात. ही सलगी मी मागितलेली नव्हती. सूचना वरून, माझ्या खोलीतून, संदेशाने देणे शक्य आहे. परंतु वायफाय खाली अधिक चांगले चालते, म्हणून रोज दुपारी ओसरीवर बसते.

१५ सप्टेंबर

भामाबाईंनी ‘माझं’मध्ये भोपळे लावले. भोपळ्याचा परतावा सर्व पिकांत नीचांकी आहे. मी तक्ता दाखवला.

“परतावा न्हाई माहिती. दिसायला बेस हाय,” त्या म्हणाल्या, आणि मोबाइल सर्वांना फिरवून दाखवला. टोळीतल्याच वच्छलाबाईंनी विचारले, “भाजी कवा करायलीस?” भामाबाई म्हणाल्या, “तुज्या जावयाला बोलीव, तवा.”

सत्र अर्धा तास लांबले. भोपळे काढायला लावले नाहीत. का, ते सांगता येत नाही.

२१ सप्टेंबर

आपण पंधराव्या स्थानी आहोत. अंतिम क्रमवारी संघातील सर्वोत्तम एका शेतावरून ठरते, सरासरीवरून नव्हे. याचा निष्कर्ष एकच निघतो, आणि तो मी आज पाटीवर आलेख काढून मांडला. उद्यापासून हंगाम संपेपर्यंत सर्वांनी आपले सारे श्रम रोज ‘इष्टतम’मध्येच घालायचे.

“रोज?” वच्छलाबाईंनी विचारले.

“रोज.”

“आन् आमची पाळी?” भामाबाई म्हणाल्या.

मी पुन्हा आलेखाकडे वळले. श्रम विभागले तर आठ सामान्य शेते मिळतील. एकवटले तर एक असाधारण शेत. पहिल्या दहांत जाण्यास असाधारणच हवे. इतर सात शेतांचे उत्पन्न घटेल, हेही रेषेत स्पष्ट दाखवले होते.

“ते समदं खरं, आक्का. पण पाळी कवा?”

बबिता कोपऱ्यात डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “देतील आक्का. माझी जबान.”

मग भामाबाईंनी मोबाइल उचलला. “बबिताची जबान हाय तर मग काय बोलायचं.”

या वाक्याचा आलेखाशी काय संबंध होता, ते मला कळले नाही. चर्चा संपली, हे महत्त्वाचे. प्रस्ताव एकमताने संमत.

२७ सप्टेंबर

बारावे स्थान. ‘इष्टतम’ची एकही चौकट एका दिवसासाठीही रिकामी नाही. इतके नीटस काम माझ्या हातून बऱ्याच वर्षांत झालेले नाही.

दुपारचे सत्र आता होत नाही. आवश्यकताही उरली नाही.

५ ऑक्टोबर

दहावे स्थान.

घरातील व्यवस्था मात्र विस्कळीत झाली आहे. सगळीकडे सोयाबीनची काढणी सुरू आहे. आमचे अजून उभे आहे, तरी बबिता रोज उजाडता विळा घेऊन निघते आणि दिवेलागणीला परतते. कधी वच्छलाबाईंच्या शेतातून, कधी भामाबाईंच्या. नवरात्राचा उपवास, त्यात हे. दुपारचे जेवण झाकून ठेवलेले असते आणि थंड असते. मी आज याविषयी बोलले.

“थोडे दिस कळ काढा, आक्का,” ती म्हणाली. तळहातावर चिंधी गुंडाळलेली होती.

संघातील स्त्रिया आता शेतातूनच मोबाइलवर काम उरकतात. श्रम बाराच्या आत ‘इष्टतम’मध्ये पडलेले असतात, एकीचाही एक दिवस चुकलेला नाही. संदेशांत ‘मॅडम’ हे संबोधन परतले आहे. शिस्त वाढल्याचे लक्षण.

१० ऑक्टोबर

हंगाम संपला. नववे स्थान. नियम-परिषदेत माझी जागा निश्चित झाली.

दुरुस्त करावयाच्या नियमांची यादी तयारच आहे.

संघातील उर्वरित सातही शेते किमान मर्यादेखाली राहून पडीक ठरली व परत गेली. हे अपेक्षित होते आणि आलेखात दाखवलेले होते. भामाबाईंचा संदेश आला: “माझं गेलं व्हय.” मी “होय” असे कळवले. आणखी काही लिहावे असे वाटले. मजकूर सुचला नाही.

राधाकिशनने पेढे आणले. त्याला परिषद म्हणजे काय ते समजले नाही, परंतु नववा क्रमांक समजला. बबिताने एक पेढा उचलला, अर्धा खाल्ला आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली.

१४ ऑक्टोबर

जेवताना राधाकिशन चिडलेला होता.

“शेंगा फुटायल्यात. दाणा खाली पडायलाय. तुज्या बायका कावून येईनात?”

“येतील,” बबिता म्हणाली. “पाळी यायचीय.”

“दर साली आपलंच पैल्यांदा व्हतंय.”

“यंदा न्हाई.”

“अन् तू रोज त्यांच्यात जायलीस ते?”

तिने त्याला आमटी वाढली. मी यंत्राने काढणी करण्याचे सुचवले. खालच्या अंगाला अजून ओल आहे, यंत्र रुतते, असे तो म्हणाला. मजूर मिळत नाहीत. उभ्या पिकातील गळतीचा मी अंदाज काढला आणि त्याला दिला. त्याने तो वाचला नाही. “आक्का, पडलेलं दिसतंय मला,” एवढेच म्हणाला.

सावड ही पद्धत हमीवर चालते आणि हमीची अंमलबजावणी कोणी करत नाही. परिषदेत मांडण्यासारखा मुद्दा आहे: परत न केलेले श्रम नियमानेच आपोआप वसूल व्हावेत. या स्त्रियांना असा नियम असता, तर बबितावर ही वेळ आली नसती.

१९ ऑक्टोबर

अखेर त्या आल्या. दोन दिवसांत सोयाबीन निघाले. बरेच दाणे जमिनीवरच राहिले. राधाकिशन त्याबद्दल काही बोलत नाही, म्हणजे हानी मोठी असावी. मी ओसरीवर उभी होते. भामाबाईंनी जाता जाता “बऱ्या हाव का, मॅडम” असे विचारले आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

हैदराबादच्या एका संस्थेने जानेवारीपासून अभ्यागत प्राध्यापकपद देऊ केले आहे. स्वीकारायला हरकत नाही. परिषदेचे काम कोठूनही करता येते. परिषदेची पहिली बैठक ४ नोव्हेंबरला दुपारी आहे. पहिल्या बैठकीस अनुपस्थित राहणाऱ्याची जागा पुढील क्रमांकास जाते. हा त्यांच्या मोजक्या निर्दोष नियमांपैकी एक.

२८ ऑक्टोबर

दिवाळी दारात आणि चकलीची भाजणी दळायची राहिलेली. बबिता घरी नव्हती, म्हणून डबा घेऊन मी स्वतः गिरणीत गेले. बऱ्याच वर्षांत प्रथमच. रांगेत पुढे भामाबाई होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“बबिता कुठे गेली आहे, ठाऊक आहे का?” मी विचारले.

“केसरच्या कापसात.”

“काढणी तर संपली. आता कसली सावड?”

“सावड कसली. तुमचं फेडायलीय.”

मी स्पष्ट केले की मी कोणाकडूनही काहीही घेतलेले नाही.

“वीसेक दिस आमी तुमच्या रानात व्हतो की.”

“मोबाइलमध्ये.”

“मोबाइलात तर मोबाइलात. आलतो का न्हाई?”

“तो खेळ होता, भामाबाई.”

“खेळ व्हता तवर आमच्या बी पाळ्या व्हत्या. तुमीच लिव्हल्या व्हत्या, कुनाची कवा ते. मग तुमी म्हनलात रोज आमच्याकडंच या. आलो. बबितानं जबान दिल्ती, म्हनून आलो.” गिरणीच्या आवाजामुळे त्या मोठ्याने बोलत होत्या आणि रांगेतल्या इतर बायका पिठाकडे बघत होत्या. “एरवी ती आमच्यात आली की आमी तिच्यात जातोत. यंदा ती आली ते समदं तुमच्या नावावर गेलं. मग तिचं सोयाबीन मागं ऱ्हायलं. पाळ्या फिटायच्या आधीच आलो आमी, शेंगा बघवंनात म्हनून.”

मी विचारले, “वीस दिवसांचे वीस दिवस?”

“आमी काय येड्या हाव का. मोबाइलातले चार म्हंजी रानातला एक, असं धरलं.”

“हे प्रमाण कशाच्या आधारावर?”

“मोबाइलात कंबर दुखत न्हाई.”

प्रमाण मला रास्त वाटले. अधिक काटेकोरपणे विचार केल्यास पाचास एकही चालले असते. पण ते मी बोलले नाही.

“केसरची एक पाळी ऱ्हायलीय,” त्या म्हणाल्या. “पाच तारखेला त्येंची गाडी जायची, ऊसतोडीला. त्याच्या आदी व्हायला पायजे. आन् राधाकिशनच्या कानावर घालू नगा. त्याला बबितानं सांगितलेलं न्हाई.”

भाजणी जाड दळली गेली. परत दळून घेतली नाही.

२९ ऑक्टोबर

बबिता चकल्या तळत होती. मी पाटावर बसले.

“हे तू मला सांगायला हवे होतेस.”

कशाविषयी, असे तिने विचारले नाही. “तुमी लई खुशीत व्हतात, आक्का. नंबर आलता.”

“आणि जबान देण्यापूर्वी मला विचारायला हवे होते.”

“इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता.”

हे बरोबर आहे.

“मग दिलीस कशासाठी?”

तिने कढईतला झारा फिरवला. “आल्यापसनं तुमी वरच्या खोलीतच. जिना उतरायच्या ते बी जेवायपुरतं. बायका आल्या की खाली यायला लागलात. हसायला बी लागलात एक दोन डाव. म्हनलं, व्हऊ द्या.”

वायफाय खाली अधिक चांगले चालते, हे मी तिला सांगितले. ती हो म्हणाली.

केसरबाईंची उरलेली पाळी मी देईन, असेही सांगितले. पाळी माझ्या नावावर आहे. ती अन्य कोणी फेडणे ही नोंदीतील चूक ठरेल. शिवाय भाऊबीज ओलांडली की बबिताला माहेरी मांजरसुंब्याला जायचे आहे; तिचा भाऊ दरवर्षी वाट पाहतो.

“तुमाला कापूस येचाय येतो?”

“शिकता येईल. अवघड प्रक्रिया नाही.”

जाड दळल्यामुळे चकल्या तेलात तुटत होत्या. एक अखंड निघाली. ती तिने माझ्या ताटलीत ठेवली.

३ नोव्हेंबर

केसरबाईंना निरोप पाठवला होता. पाळी उद्याच देता येईल. परवा सकाळी त्यांची गाडी जाणार.

परिषदेची बैठकही उद्याच. अनुपस्थितीचा अर्ज उघडला. कारणांचे तीन पर्याय आहेत: आजारपण, निकटच्या व्यक्तीचा मृत्यू, तांत्रिक अडचण. तिन्ही लागू नाहीत. अर्ज बंद केला.

राधाकिशनला ओवाळले. त्याने विचारले, “आक्का, तू उद्या केसरबाईच्या कापसात कावून चाललीस?” मी ओवाळणीचे ताट आत नेऊन ठेवले. बबिता पिशवी भरत होती. तिने आपली जुनी ओढणी माझ्या हातात दिली. “डोक्याला बांधा. ऊन लागतंय.”

४ नोव्हेंबर

केसरबाईंचे शेत गावाबाहेर, रेल्वेच्या रुळांपलीकडे. भामाबाई आधीच आलेल्या होत्या. कमरेला ओटी बांधून दिली गेली. सूचना एकाच वाक्यात संपल्या: फुटलेल्या बोंडातून कापूस ओढायचा आणि ओटीत टाकायचा.

सूचना अपूर्ण होत्या. बोंडाच्या वाळलेल्या कडा सुईसारख्या टोचतात, हे त्यात नव्हते. कापसाला सुकलेल्या पानांचा चुरा चिकटतो, त्याचे काय करायचे, हेही नव्हते. मी तो प्रत्येक वेळी वेचून काढत होते. केसरबाई दोन्ही हातांनी दोन बाजूंच्या ओळींतून जात होत्या आणि थोड्याच वेळात त्यांची पाठही दिसेनाशी झाली.

“कापूस येचायलात का सोनं निवडायलात?” भामाबाई पलीकडच्या ओळीतून म्हणाल्या.

“यात कचरा राहतो.”

“ऱ्हातोच.”

“मग दर्जा घसरतो.”

“आमचा घसरू द्या. तुमी सांभाळा.”

दुपारी बांधावर भाकरी खाल्ली. बांध रुंद आहे. त्यावर तीन जणी आणि एक कळशी सहज मावते. मोबाइल पिशवीत वाजत होता, बहुधा परिषदेचा. बोटे सुजलेली होती आणि भाकरी मोडता येत नव्हती. केसरबाईंनी न विचारता माझी भाकरी कुस्करून दिली. मी ती खाल्ली.

भामाबाई म्हणाल्या, “पुढल्या डावाला मला पुन्ना रान भेटंल का त्याच्यात?”

“नव्या हंगामात प्रत्येकास नवे शेत मिळते. पण नाव नवे द्यावे लागेल. जुने नाव पुन्हा देता येत नाही.”

“मग काय, ‘माझंच’ लिव्हू.”

केसरबाईंना ठसका लागला. मीही हसले, असे नंतर भामाबाईंचे म्हणणे पडले.

सूर्य कलल्यावर ताणकाट्यावर वजने झाली. माझा कापूस सर्वांत स्वच्छ होता. केसरबाईंनी मूठ उचलून पाहिली आणि तसे बोलूनही दाखवले. वजन मात्र भामाबाईंच्या निम्मे भरले.

“झाली पाळी, आक्का,” केसरबाई म्हणाल्या. “फिटलं समदं.”

“फिटलेले नाही. वजन निम्मे आहे.”

“पाळी वजनावर नसती. मानूस आलं, दिसभर ऱ्हायलं, की झाली.”

“मला ते मान्य नाही. अर्धेच धरा.”

“अहो, मी पुरं म्हनायलेय न्हवं?”

“तुमचे मोजमाप चुकीचे आहे.”

भामाबाईंनी ओटी झटकली. “घ्या. घेतानी बोलल्या न्हाईत आन् देतानी भांडायल्यात.”

मी माघार घेतली नाही. निम्मे काम पूर्ण म्हणून स्वीकारणे हा माझा अपमान आहे, हे मी शक्य तितक्या संयमाने सांगितले. केसरबाई काटा हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. अखेर म्हणाल्या, “बरं बाई. अर्धी. अर्धी तुमच्याकडं ऱ्हायली. आमी उद्या चाललो, आता गुढीपाडव्याला येऊ. तवा द्या.”

“तेव्हा कापूस नसेल.”

“गहू असंल, न्हाई तर ज्वारी असंल. म्हातारा पेरतोय मागं. असा कापूस निवडल्यागत गहू मातर निवडू नगा.”

यावर काहीही आक्षेप घेण्यासारखे नव्हते. हिशेब दोन्ही पक्षांना मान्य झाला.

५ नोव्हेंबर

केसरबाईंची गाडी सकाळी गेली. गाठोडी, भांडी, दोन शेळ्या आणि माणसे एकाच ट्रकमध्ये. पाहायला गेले होते. त्यांनी वरून ओरडून सांगितले, “अर्धी, आक्का, ध्यानात ठिवा.” लोक माझ्याकडे पाहू लागले.

परिषदेचे पत्र आले. अनुपस्थितीमुळे माझी जागा अकराव्या क्रमांकाच्या प्रमुखास दिली आहे. पत्रात व्याकरणाच्या दोन चुका होत्या. दुरुस्त करून परत पाठवल्या नाहीत.

बबिता संध्याकाळी परतली. माझे हात पाहिले, हळद आणि तेल गरम करून लावले आणि माहेरच्या करंज्या समोर ठेवल्या. नवा हंगाम डिसेंबरात सुरू होतो. पहिली पाळी भामाबाईंची, असे तिचे आणि त्यांचे परस्पर ठरलेले दिसते. मला विचारले गेले नाही.

एप्रिलपूर्वी रुजू होता येणार नाही, असे हैदराबादला कळवले. त्यांनी कारण मागितले होते. ‘शेतीकाम बाकी आहे’ असे लिहिले. पाठवण्यापूर्वी विधान पुन्हा तपासले. अचूक आहे.